तळव्यावरचं माप

कॅमेरा नवा होता, पोतोसीहून हप्त्यावर घेतलेला.
खोक्यावर लिहिलं होतं: सगळं आपोआप.
भर दुपारी, कोल्चानीच्या पल्याड,
बाबांना मी मिठाच्या ढिगाशी उभं केलं.
जमीन पांढरी, आभाळ पांढरं,
मध्ये त्यांची कुऱ्हाड तेवढी काळी.

फोटोत मीठ राखेसारखं आलं
आणि बाबांच्या जागी
टोपी घातलेलं एक भोक.

त्यांनी फोटो लांब धरला, मग जवळ घेतला.
गालातली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला नेली.
"हा पुलाकायोचा दिसतोय," म्हणाले,
"चौथ्या पातळीवरचा. कुणी काढला गं?"
खाण सोडून त्यांना एकवीस वर्षं झाली होती.

उयुनीत एलेउतेरिओ चोकेंचं दुकान आहे.
मोतीबिंदू झालाय, फोटो नाकाला लावून बघतात.
"याला कारखान्यात एकच गोष्ट शिकवलीय,
की जग सरासरी गाढवाच्या रंगाचं असतं.
गाढव दाखव, बरोबर सांगेल.
मीठ दाखव, त्याचं गाढव करेल.
काळी मांजर दाखव, तिचंही गाढवच.
खोटं नाही बोलत बिचारं.
उजेड किती, एवढंच विचारलंय त्याला.
कशावरचा, ते कुणी विचारलेलं नाही."
मग म्हणाले, तळवा उन्हात धर,
तळव्यावर माप घे,
आणि त्याहून एक घर वाढव.

कुणाचा तळवा, ते विचारायचं राहिलं.
माझा शाळेतला, खडूनं मऊ पडलेला.
बाबांनी हातमोजा काढून त्यांचा पुढे केला.
भेगांमध्ये मीठ बसलेलं, घट्ट,
धुऊनही न निघणारं.
आकडा वर गेला, खाली आला, वर गेला.
मी चकती फिरवली. अंदाजानं एक घर,
आणि मग, का कोण जाणे, अजून अर्धं.

या वेळी बाबा आले.
भुवईतली तुटकी रेघ, सोन्याचा दात,
चष्म्याच्या कडेनं करपलेली कातडी.
मीठ मात्र गेलं.
षटकोन गेले, ढीग गेले,
मागे उभा असलेला सेवेरोचा ट्रकसुद्धा धुतल्यासारखा.

दोन्ही नाही का येत, म्हणून मी पुन्हा उयुनीला गेले.
एलेउतेरिओ हसले.
"तुझ्या डोळ्यालाही नाही येत.
तो आधी मीठ बघतो, मग माणूस,
आणि सांगतो की एकदमच बघितलं."

फोटो आता पत्र्याच्या ट्रंकेवर आहे.
आई रोज तो पदराच्या टोकानं, नाही,
शालीच्या टोकानं पुसते, काच नसूनही.
टोपीची डावी कड कुठे संपते
ते बोटानं शोधते.
"इथून पुढे?" विचारते.
बाबा पानं चघळत असतात.
"इथून पुढे मीठ," म्हणतात.
"पाऊस झाला की परत येतं."