तीस तासांची शांतता

नव्या पेठेतल्या दुकानात मुजम्मिल काचेमागून दोन डबे काढतो,
अंडी काढावीत तसे.
हा सव्वीस हजार. हा एकोणतीस हजार नऊशे नव्वद.
पांढराही आहे, पण आपली धूळ बघता
नका घेऊ म्हणतो, ताई.

मी तोलते.
स्वस्तातला (सव्वीस हजारांना स्वस्त म्हणताना जीभ अडखळते)
हलका आहे, डोक्यावर आहे हे विसरायला होतं,
पण त्याची घडी होत नाही.
महागाची घडी होते, आवाज गोल, खोल,
फक्त पाव तासात कानांना घाम.
मे महिना, बेचाळीस अंश,
एक कान दुसऱ्याला विचारतो, तूपण शिजतोयस का?

बॅटरी दोघांची तीस तास.
एकदा भरली की तीस तासांची शांतता.
आमच्या दत्तनगरात पाणी चार दिवसांआड सुटतं,
शांतता नळाला कधी आलीच नाही.

खाली चार माग, वर आम्ही.
माझ्या जन्माच्या वेळी सुइणीला माझं रडणं
दिसलं, ऐकू आलं नाही, असं अम्मा सांगते.
आता मी घरी बसून पुण्याच्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करते.
फिफ्टीन म्हणाले की फिफ्टी?
खाली टॉवेल विणला जातो,
वर कुणाचा तरी डोस माझ्या कानात लटकलेला.
तेव्हा ही चैन नाही, मुजम्मिल,
हे मी तुला नाही, स्वतःलाच सांगतेय.

संध्याकाळपर्यंत घरी लावून बघा, तो म्हणतो,
येमूलकाकांना ओळखतो मी.

बटण दाबलं.
आधी कूलर गेला. मग पंखा.
मग माग बारीक होत होत
भिंतीपलीकडे कुणी सुपारी कातरतंय
एवढेच उरले.
आणि अम्माची हाक, ती मात्र जशीच्या तशी आली.
एकसुरी जे जे, ते हे यंत्र गिळतं,
माणूस मधेच बोलतो, तो निसटतो.
हा गुण मानावा की दोष,
डब्यावर लिहिलेलं नाही.

दुपारी नायना वर आले, भुवयांत कापूस.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
हात धुतल्यावर त्यांच्या डोक्यावर मीच चढवला.
डोळे मिटून बसले बराच वेळ.
मला वाटलं, आता हसतील.
मग नेहमीसारखे ओरडून म्हणाले,
खालचे चारी बंद केलेस.
आतला कसा करायचा?

अकरा वर्षं झाली म्हणे.
कधी सांगितलं नाही, कारण कुणाला ऐकू आलं असतं?
मिल बंद पडली, चिमणीवर पिंपळ उगवला,
भोंगा बेघर झाला आणि
त्यांच्या डाव्या कानात राहायला आला.
पाळी संपत नाही त्याची.

मुजम्मिलला विचारलं, आतून येणाऱ्या आवाजासाठी काही?
त्यानं डबा उलटा केला,
सहा भाषांतली बारीक अक्षरं वाचली,
आमची एकही नव्हती त्यात.

हलका घेतला. बारा हप्ते.

रात्री वीज जाते तेव्हा सगळी गल्ली सुस्कारा सोडते,
आमच्याकडे नायना दचकून उठतात.
माग थांबले की भोंग्याला रान मोकळं.
अशा वेळी मी त्यांच्या कानांवर
ही सव्वीस हजारांची शांतता चढवते
आणि तिच्यात फोनमध्ये भरून ठेवलेले
आमचेच चार माग सुरू करते.
तिसऱ्या मागाची धोटी जरा लंगडते, तीही आहे त्यात.
झोपतात. पायाचा अंगठा ताल धरून हलत राहतो.
मी अंधारात बसते, पदराने वारा घेत.

तिसऱ्या हप्त्याला मुजम्मिल विचारतो,
कसा चाललाय?

कान तापतात थोडे, मी म्हणते.