प्लस-मायनस

शुक्रवारी शेवटच्या तासाला एक फॉर्म भरायचा असतो:
या आठवड्यात तुम्ही काय शिकलात?
उत्तराला चौकोन, वहीच्या लेबलाएवढा.
बास्तियाँ त्यात मासा काढतो
आणि बेंचवर डोकं टेकून झोपतो.
त्याचे बाबा हत्तरगीला विमानांचे सुटे भाग तपासतात.
त्याला मराठीतले तीनच शब्द येतात,
बस, खा, आणखी,
तिन्ही कँटीनच्या मावशींचे.

मला लिहायचं होतं सोमवारचं.
फिजिक्सला नुसतं बारा पॉइंट चार लिहिलं
आणि अर्धा मार्क गेला.
पुढं प्लस-मायनस हवं.
सर म्हणाले, खरं माप तेच
जे आपली चूक सोबत घेऊन येतं.
घरी आप्पांना सांगितलं.
आप्पा उद्यमबागेत, लेथवर, सव्वीस वर्षं.
जेवताना बोटांना अजून कटिंग ऑइलचा वास.
म्हणाले, "ह्येच्यासाठी फी भरूलोय व्हय मी?
सूतभर इकडं, सूतभर तिकडं,
माझ्या अंगठ्याला इचार की."

मंगळवारी बसनं मार्कंडेय नदीवर.
आम्ही बाटल्या बुडवल्या, पट्ट्या भिजवल्या,
रंग बघून आकडे मांडले.
पलीकडं एकजण म्हशी धूत होता. ओरडला,
"एनु माडाकत्तीरी?"
नीलांबिकानं कन्नडमध्ये समजावलं, पाणी तपासतोय.
तो इतका हसला की म्हैसही वळून बघायला लागली.
मग तो काय म्हणाला ते नीलांबिकानं मला मराठीत सांगितलं,
मी बास्तियाँला इंग्रजीत:
पाण्याचं आधी हिला विचारा, ही रोज पिते.
तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

बुधवारी मी किरिबाती देश होते.
दोन मिनिटं माझं बेट बुडत होतं.
समुद्र मी एकदाच बघितलाय, वेंगुर्ल्याला,
तोही चप्पल शोधण्यात गेला.
तरी सगळ्यांनी बाकं वाजवली.

आणि गुरुवार.
हुक्केरी मिसनी नकाशा दिला,
एकास पन्नास हजार.
सीमेची रेघ किती जाड आहे?
अर्धा मिलिमीटर.
मग जमिनीवर किती?
पंचवीस मीटर, मी सगळ्यांच्या आधी बोलले
आणि बोलल्यावर कळलं काय बोलले.
मिस मार्करचं टोपण लावत राहिल्या,
लागलेलंच होतं ते.

बाची संपलं की शिनोळी.
आत्याच्या परसात उभं राहिलं
की मोबाइलवर एका राज्याचं स्वागत येतं,
गोठ्यापर्यंत गेलं की दुसऱ्याचं.
आत्या म्हणते, दोघंही नुसतं ये ये म्हणतात,
जेवायला कुणी वाढत नाही.
पंचवीस मीटरमध्ये काय काय मावतं?
विहीर. फणस. धुण्याची तार.
कोंबड्यांचं खुराडं, दार मोडलेलं.
कागदावर हे सगळं शाईखाली.
आत्या रेघेच्या इकडं नाही, तिकडं नाही.
आत्या रेघेत राहते.

हे लेबलाएवढ्या चौकोनात बसलं नाही.
कुठल्या भाषेत लिहायचं, तेही ठरेना.
पाढे माझे मराठी, भांडण कन्नड,
आणि माफी मागायची झाली की आपोआप इंग्रजी.
"काय लिहूलीस एवढं?" आप्पांनी रात्री विचारलं.
"काय नाही," म्हटलं. "तुमचा टेप द्या रविवारी."

रविवारी आत्यानं टेपचं टोक धरलं, विहिरीच्या काठाशी.
कशाला, ते नाही विचारलं.
म्हणाली, "नीट ताण, ब्लाऊजचं माप घेतल्यासारखं
घाबरून घेऊ नको."
मी फणसापर्यंत चालत गेले.
एकोणीस मीटर, वर चाळीस सेंटी.
आकडा वाचतेय तोवर कोंबडी भाकरीत शिरली,
आत्या टोक हातात घेऊनच तिच्या मागं पळाली,
आणि टेप माझ्या हातातून सरसरत गेला.

वहीत लिहिलंय:
एकोणीस पॉइंट चार,
प्लस-मायनस आत्या.