नऊ पॉइंट तीन

रात्रीचे साडेनऊ. सक्करदऱ्यात थंडी अशी
की शेजारच्या गच्चीवरचे कूलर गोणपाट पांघरून बसलेत.
तिकडची मध्यरात्र म्हणजे आपले उद्या सकाळचे साडेदहा.
तोवर हे पत्र जायला हवं.

एकोणतीस वर्षं मी दाखलेच लिहिले,
माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली आहे,
खाली सही, बाजूला गोल शिक्का, थोडा तिरपा.
शिफारस कधी कुणी मागितलीच नव्हती.

वेदश्री पौनीकर मागायला आली तेव्हा म्हणाली,
"सर, मेहनती नका लिहू.
मेहनती तं तिकडे सारेच असतात.
एखादा किस्सा लिहा, खरा."
तिच्या बाबांचं ताजबागच्या रस्त्यावर कूलर दुरुस्तीचं दुकान.
फॉर्मात घरची कमाई विचारली, तर ते म्हणाले,
"कोन्त्या महिन्याची लिहू? मेची का जानेवारीची?"
तिने वर्षाची बेरीज केली, डॉलरने भागली,
आणि उत्तर इतकं लहान आलं
की पुन्हा भागून पाहिलं.

किस्सा आहे.
पण तो माझ्याविरुद्ध जातो.

अकरावी, लंबकाचा प्रयोग.
साऱ्या वर्गाचं उत्तर नऊ पॉइंट आठ,
काहींचं तर लंबक हलायच्या आधीच.
हिचं नऊ पॉइंट तीन.
मी लाल पेनाने गोल केला, दहापैकी सहा दिले.
तिने खोडलं नाही.
तीन आठवडे मधल्या सुट्टीत
दोरा मोजला, गोळा मोजला, खिडक्या लावून मोजलं,
शेवटी बाबांच्या मोबाईलशेजारी
शाळेचं स्टॉपवॉच धरलं.
मिनिटाला दीड सेकंद पुढे पळत होतं.
किती वर्षांपासून, कोण जाणे.
त्याच घड्याळावर किती बॅचेसनी
मला नऊ पॉइंट आठ आणून दिलं
आणि मी दहापैकी दहा.

हे सगळं लिहायचं तर इंग्रजीतून.
आणि इंग्रजीतला मी
नेहमी मोठ्याच लिपीत लिहावा लागतो.

मग चौकटी.
तुमच्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ही कुठे?
चांगली. फार चांगली. मोजक्या काहींपैकी एक.
सगळ्यांत वरची.
माउस शेवटच्या चौकटीवर नेला
आणि हेमराज निनावे आठवला,
माझी दुसरीच बॅच,
फळ्यावरचं माझं गणित बाकावरूनच सुधारायचा.
आता जगनाडे चौकात मोटारी वाइंड करतो.
घरचा पंप जळला की मी त्याच्याकडेच नेतो,
पैसे घेत नाही पोट्टा.
पंचेचाळिशीला आला, तरी माझ्यासाठी पोट्टाच.
त्याच्यासाठी कोणी मला पत्र मागितलं नव्हतं.
मला तरी कुठे सुचलं होतं.

एका खुणेचा तर प्रश्न.
तिकडे हेमराजला ओळखतो कोण?
चहा केला. थंड झाला. पुन्हा केला.
पण जी पोरगी नऊ पॉइंट तीन खोडत नाही
तिच्या कागदावर मी
नऊ पॉइंट आठ कसं लिहू?

शेवटून दुसरी चौकट.
तिला हे सांगायचं का, ते अजून ठरलं नाही.
किश्श्याखाली एक ओळ जास्तीची घातली,
सहा गुण देण्यात चूक माझी होती,
ते आता दहा समजावेत.

पाठवलं तेव्हा उमरेड रोडवर
कोळशाचे ट्रक सुरू झाले होते.
स्टॉपवॉच मी घरी आणलंय, इथे टेबलावर आहे.
त्याच्या हिशेबाने तिची मुदत
वीस मिनिटं आधीच संपायची.
नवीन मिळावं म्हणून मीही अर्ज केलाय,
दोनदा.
वरून उत्तर नाही.