हाताचं माप

चाळीस वर्षं मी लोकांच्या पायाशी बसलो.
सुभाषनगर, मागची गल्ली, दुकानाला पाटी नाही.
कागदावर पाय ठेवायचा, मी पेन्सिल फिरवायची.
तळव्याच्या खळग्याशी पेन्सिल आली
की पैलवान असो नाहीतर मामलेदार, माणूस हसतोच.

ती आली तेव्हा मी खाली बघून म्हणालो, "पाय."
सवयीनं.
मग आरी शोधत बसलो.
आरी हातातच होती.

तिनं कागद मांडीवर ओढला, पंजा उघडून ठेवला.
"ह्याचं घ्या. ह्याच्यावरच पळायचं हाय मला."

पद्मल मगदूम. गाव हालोंडीच्या अलीकडं.
आठवीत, शाळा सुटल्यावर, कारखान्याच्या ट्रॉलीमागं
ऊस ओढायला धावली.
ऊस निघाला.
"दोनशे पासष्ट होता," सांगायची,
"हातातनं सुटला न्हाई शेवटपर्यंत."
कमरेखालचं मात्र त्या रस्त्यावरच राहिलं.

उद्यमनगरात सुताराच्या दिन्यानं तिला
तीन चाकांची खुर्ची जोडून दिली,
पुढचं चाक बगळ्याच्या मानेएवढं लांब.
तीत बसायचं नसतं. गुडघे मुडपून शिरायचं
आणि मिनिटाला शंभरदा हात रिंगवर आपटायचे.
आठवड्यात तळहाताची साल निघाली.
म्हणून माझ्याकडं.

हाताची चप्पल मी कधी केली नव्हती.
पहिली जोडी जड झाली. दुसरी पावसात फुगली.
तिसरी घालून ती पहाटे कळंब्याच्या रस्त्याला गेली,
आणि दूधवाले फटफट्या घेऊन तिच्यामागं.
मागं, बरं का.

एकदा म्हणाली, "काका, वाजणारी करा की.
पुढच्याला कळाय पाहिजे कोण आलंय."
मी दोन थरांत विंचवाचं बी घातलं.
बंगळूरला ती जोडी घालून पळाली.
आल्यावर विचारलं, "वाजली का गं?"
"पहिलं तीनशे मीटर.
मग पुढं ऐकाय कोणच न्हवतं."

सत्कार ठेवला तो दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
चौघे उचलायला आले, ती नको म्हणाली.
"उचलताना माणसं तोंडाकडं बघत न्हाईत,
वजनाकडं बघत्यात."
मग शाल, नारळ, साहेब, सगळेच खाली आले,
जिन्याखाली, चपलांच्या ढिगाशेजारी.
ढिगात माझ्या हातच्या तीन जोड्या होत्या.
मी कुणाला सांगितलं नाही.

परदेशातलं मोठं पदक
तिनं माझ्या जोडीवर जिंकलेलं नाही.
तिकडं कुणीतरी प्लॅस्टिकची दिली, हलकी,
बोटांचा साचा घेऊन केलेली.
मला आनंदच झाला असं मी सगळ्यांना सांगतो.
त्या रात्री रापीला धार लावत बसलो, उगाच,
दीड वाजेपर्यंत.

जुन्या अकरा जोड्या खिळ्याला आहेत.
झीज बघून माणूस सांगता येतो:
हा टाच घासतो, हा घाईतला, हा कुठंच न जाणारा.
हिची झीज अंगठ्याच्या मुळाशी, डावीकडं जास्त.
उजवा खांदा कधीपासून दुखत होता
हे डॉक्टरच्या आधी त्या कातड्याला ठाऊक होतं.
मला दिसत होतं.
मी उजवीकडं एक थर वाढवला आणि गप्प राहिलो.

आता स्टेडियमवर पोरांना शिकवते. शिट्टी गळ्यात.
परवा आली. म्हणाली, "घ्या परत माप,
सरावापुरती एक जोडी."
वर्षभर रिंगला हात नाही.
कागद तोच, पिवळा.
मी पेन्सिल करंगळीवरनं खाली आणली,
जिथं पूर्वी घट्टे असायचे, पेन्सिल अडखळायची,
तिथं आली

आणि ती हसली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
गुदगुल्या झाल्यासारखी.

मी पेन्सिल उचलली नाही. फिरवलीही नाही.
बाहेर कुणीतरी हाक देत होतं,
"हाय का कोण दुकानात?"