चौकटी कंस

धुळ्याच्या कोर्टामागे, कडुनिंबाखाली माझं टेबल.
अ‍ॅफिडेव्हिट, वारसदाखला, नावबदलाचं गॅझेट,
आणि गेली तीन वर्षं, फी न घेता,
जिनिव्हा.

हसू नका. मी हसलो होतो आधीच,
संघटनेची नलू ठोके म्हणाली तेव्हा,
काका, तिथे सगळ्या देशांची सभा भरते
आणि आपल्याला बोलायला दोन मिनिटं मिळतात.
दोन मिनिटांत मला सायकलवर
पांझरेचा पूलही होत नाही पार.

मथुराबाई समोरच्या स्टुलावर.
ती अहिराणीत सांगणार, मी मराठीत उतरवणार,
मग इंग्रजीत. दर पायरीला
हिंदकळून काहीतरी सांडायचंच.
"मना आंडोर बजारले गया, तो उनाच नही."
गाडीचा रंग तिला पाठ होता, नंबरातले शेवटचे दोन आकडेसुद्धा.
वाळूच्या ट्रकांचे फोटो काढत होता तो, एवढंच.
माझ्या हाताखालून निघाला तेव्हा आंडोरचा
सत्तावीस वर्षीय पुरुष झाला होता.

नाव सुपडू.
आधीची दोन जगली नाहीत, म्हणून हा जन्मताच
सुपात घालून उकिरड्यावर ठेवला,
शेजारणीनं उचलला, मूठभर ज्वारीला आईला परत विकला.
मरणाला वाटावं, टाकाऊ माल आहे.
हे कुठल्या रकान्यात बसवू?
तिकडच्या कचेरीतून एवढंच विचारणं आलं:
स्पेलिंग तपासलंय ना?

नलू तिथल्या लांब लांब व्हरांड्यांत फिरत होती.
रात्री एकला तिचे निरोप यायचे.
एक मोठा देश म्हणाला, वेळ योग्य नाही.
दुसऱ्याला याच महिन्यात आपल्याला विमानं विकायचीत.
तिसऱ्यानं कॉफी पाजली, फार वेळ ऐकलं, कार्ड दिलं.
शेवटी एक बेटाचा देश तयार झाला,
नातीच्या नकाशात तो मला भिंगातून शोधावा लागला,
त्यांच्या राजदूतानं विचारलं म्हणे, आईचं वय काय?

सोमवारी मसुद्यात होतं: धिक्कार करते.
मंगळवारी: तीव्र चिंता.
बुधवारी तीव्र गेलं.
सावद्याला केळीचा भाव सकाळपेक्षा दुपारी उतरतो, तसं.
तीस वर्षं कोर्टाच्या दारात काढलीत मी,
क्रियापदाला गिऱ्हाईक असतं हे मला कुणी शिकवायला नको.
गुरुवारी: नोंद घेते.

तो कागद झेरॉक्सवाल्याकडे काढला.
मथुराबाईला अक्षर येत नाही, मी बोट ठेवून दाखवलं,
हा बघा सुपडू.
तिनं नावावरून नख फिरवलं, दोन्ही टोकांना थांबली.
"हाई काय शे भाऊ, दोन्ही बाजूले?"
चौकटी कंस, म्हटलं.
ज्या शब्दावर देशांचं जमत नाही
तो असा घालून ठेवतात.
शुक्रवारी कंस तरी काढतील
नाहीतर आतल्यासकट सगळंच.

बराच वेळ ती बघत राहिली.
कोर्टाचा शिपाई कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता, तीनदा.
"म्हनजे आजून कोठडीमाच शे," ती म्हणाली.
मी मान हलवायच्या आत पुढे म्हणाली,
"शे ना पन. कोठडीमा शे म्हनजे शे."

यावर काय बोलणार?
चहा सांगितला. तिनं बशीतला अर्धा ठेवला.

दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यात बांधून बिबडी घेऊन आली.
त्या बेटना सायबले, म्हणाली.
"खारा वारामा नरम पडतीन, डबामा ठेवा म्हना."
पोस्टात जाहीरनाम्याचा फॉर्म मिळाला:
मालाचं वर्णन, वजन, किंमत, पाठवण्याचं कारण.
आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म भरले,
वर्णनाशी पेन अडलं.
बिबडी, असंच लिहिलं.
कळलं नाही तर विचारतील.

कारणाचा रकाना अजून कोराच आहे.
खिडकी चारला बंद होते.
आज शुक्रवार.