ओळख परेड

बेदाण्याचं असं असतं:
हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं,
काळा पडलेला खालच्या पाटीत.
हाताला आधी कळतं, डोळा मागनं पोचतो.
अठरा वर्षं निवडायला बसते मी
तासगावाबाहेर, सावळजच्या रस्त्याला,
शेडच्या दाराजवळच्या टेबलावर.
चुकलं तर मुकादम पाटी परत ओततो,
म्हणतो, शालन, पुन्हा बघ.

त्या वर्षी पुन्हा बघ कुणी म्हणालं नाही.

रॅकवर माल होता. गंधकाची धुरी दिलेली,
डोळे चुरचुरत होते.
हे मी कोर्टात सांगितलं नाही, कुणी विचारलंच नाही.
हिरव्या जाळीपलीकडं बॅटरी हलली,
मालकाच्या भावाचा आवाज आला,
मग आला नाही.
तिघं पळाले. एकाचं तोंड दिसलं मला,
भाकरी उलथावी एवढा वेळ.

हवालदार घरी आला, चहा प्याला,
खिशातून एक फोटो काढला, परत ठेवला.
हाच का, असं विचारलं नाही हं त्यानं.
नुसता काढला, आणि ठेवला.

आठवड्यानं सांगलीच्या जेलात
सात जण एका ओळीत.
नायब तहसीलदार वहीत लिहीत होते.
मी एकोणीसची, आईच्या चपला घालून गेलेली.
तिसऱ्याच्या खांद्याला हात लावला.
खांदा गरम होता. ताप असेल.
राजशा काळे, पारधी,
राहण्याच्या जागी लिहिलं होतं: फिरता.

फाशी सुनावली तेव्हा मी कोर्टातच होते,
पण बाहेर, जिन्याखाली, उसाचा रस पीत.
गावात बायका विचारायच्या,
जजसायबांनी निब मोडली का गं?
मोडली की. टक्कन आवाज आला.
खरं सांगते, मी बघितली नाही.
पण इतक्यांदा सांगितली
की आता ती निब मला दिसते,
टेबलावर शाईचा थेंबसुद्धा.
त्या तोंडाचंही तसंच झालं का
हे कुणाला विचारू?

मुंबईनं फाशी कायम केली.
दिल्लीनं पंधरा वर्षांनी सोडून दिलं.
पेपरात चार ओळी होत्या,
साक्षीदारानं पटवलेली ओळख विश्वासार्ह वाटत नाही.
माझं नाव नव्हतं.
वाचलं, आणि तो कागद पाटीखाली अंथरला.

परवा, ऐन मार्चात, टळटळीत दुपारी
एक म्हातारा दारात उभा.
पांढरी दाढी, निळी नवी स्लीपर.
दार सताड उघडं, तरी उंबऱ्याशी थांबलेला,
कुणीतरी येऊन कुलूप काढावं तसा.
कोण पायजे? मी विचारलं.
पाणी, म्हणाला.
तांब्या दिला. ओठ न लावता वरून प्याला.
गळ्याची घाटी वर-खाली होत होती,
एक ओघळ शर्टात गेला.
मी तो गळा बघत होते
आणि मला काहीच वाटलं नाही.
मग त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.
चांगला वेळ. भाकरी करपावी एवढा.

तो गेल्यावर मुकादम म्हणाला,
वळखला न्हाईस? राजशा गं. तुझा राजशा.

मग तो काय काय सांगत राहिला:
पंचेचाळिशीचाच आहे म्हणे,
बायको जतकडं पालावर वारली,
पोरगा बापाला काका म्हणतो.
माझे हात चालू होते.
हिरवा, पिवळा, काळा
सगळा एकाच पाटीत चालला होता,
आणि मुकादमानं ती ओतली नाही.

त्यानं मला ओळखलं का
मला ठरवता येत नाही.
मी काही ठरवायचं म्हटलं की
कुणाचा तरी खांदा हाताला गरम लागतो.

उठले, तांब्या शोधला.
विसळून ठेवला होता त्यानं, उपडा घालून,
उंबऱ्याच्या पलीकडं,
उन्हात.