एकेक चालू करून बघताना

साडेअकराला श्रीहरी बोम्मेनचा फोन.
"साइट पांढरी पडलीय की.
नुसतं पांढरं, एक अक्षर नाय.
शारजाचं गिऱ्हाईक चारशे टॉवेल निवडून बसलंय तिकडं."

बघते म्हटलं.
कडक भाकरीचा तुकडा
शेंगाचटणीत तसाच उभा राहिला.

अक्कलकोट रोडला त्यांचे चोवीस माग
आत्ताही खटखटत असतील,
आणि माझ्या पडद्यावर
रंगात न बुडवलेल्या सुतासारखं कोरं पान.

आत शिरले. सदतीस एक्स्टेन्शनं.
कुणी बसवली, कधी, विचारू नका.
चादर मोठी करून दाखवणारं एक,
त्याच कामाला दुसरं,
दिवाळीचे दिवे पाडणारं, जूनमध्येही जागं,
जीएसटीचं,
आणि एक, जे चार वर्षं नुसतं अपडेट मागतंय.
प्रत्येकासमोर हिरवा टिपका.
प्रत्येकाचं म्हणणं, माझं काही नाही.

आधी बॅकअप.
वडील जॉबर होते मिलमध्ये,
मागाला पाना लावण्याआधी खडूनं खूण करायचे:
होतं तसं परत लावता आलं पाहिजे.
मग सगळी बंद केली.
साइट उघडली. नागडी, पण उघडली.
म्हणजे घर शाबूत आहे,
भानगड भाडेकरूंपैकी कुणाची तरी.

एक चालू. पान उघडून बघितलं. उघडतंय.
दोन. उघडतंय.
तीन, चार,
सातव्यावर नळ आला.
पाचव्या दिवशी, रात्री पाऊणला.
गल्लीभर मोटारी गुरगुरल्या, बादल्या आपटल्या,
भाऊ ओरडला, "पाणी बे, पाणी!"
लॅपटॉप पिंपाच्या झाकणावर ठेवला,
एका हातात पाइप.
आठ. हंडा भरला. नऊ. दुसरा हंडा.
सोळाव्याला शेजारच्या लक्ष्मीनर्साक्कांनी विचारलं,
"एवढ्या रात्री कसला अभ्यास गं?"

तेविसावं.
पान फिरत राहिलं.
तीस सेकंद. पांढरं.
बंद केलं, उघडलं. चालू केलं, पांढरं.
परत एकदा केलं,
कारण दोनदा योगायोगही असू शकतो.

नाव: ऑर्डर-निरोप.
बनवणारा: अंबादास कोटा. तो हैदराबादला जाऊन जमाना झाला.
फाइल उघडली तर वरच एक ओळ,
"तातांसाठी. तात्पुरतं. मोठा फोन घेईपर्यंत."

श्रीहरीचे ताता, नरसय्या बोम्मेन.
ऑर्डर आली की त्यांच्या बटणांच्या फोनवर मेसेज जायचा.
टिंग वाजलं की उठायचे,
चादर स्वतः निवडायचे,
काठाला काठ लावून घडी घालायचे,
तळव्यानं एकदा दाबायचे, झालं.
मोठा फोन घेतला नाही त्यांनी.
दोन वर्षांपूर्वी गड्डा भरायच्या आठवडाभर आधी गेले.
नंबर परत कंपनीकडे गेला.
मेसेज पोचवणारं दुकानही या आठवड्यात गुंडाळलं.
ह्याला कुणी सांगितलंच नाही.
पान उघडलं की आधी तिकडं हाक मारतं
आणि ओ येईपर्यंत
कुणालाच पुढे सोडत नाही.

ते बंद ठेवलं.
उरलेली चौदा चालू केली, भराभर, न श्वास घेता.
टॉवेल आले, दर आले, दिवाळीचे दिवेसुद्धा.
एक चाळीसला शारजाचे चारशे नग पडले.

श्रीहरीला फोन लावला.
"काय होतं?"
"ऑर्डर-निरोप."
तो काही बोलला नाही.
मागांचा आवाज तेवढा येत राहिला.
मग म्हणाला, "काढून टाकलंस?"
"नाही. बंद केलंय."
"जागा किती खातंय?"
"चार केबी."
"राहू दे मग."

बिलावर लिहिलं: तपासणी, दोन तास.
पिंप कधीचं भरून वाहत होतं,
पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं.
पाइप काढायचा राहिला होता माझ्याकडून.